हरवलेल्या जगाची रिळे

'द लॉस्ट वर्ल्ड' हा १९२५ सालचा अमेरिकन मूकपट घरच्या पडद्यावर पाहताना थोड्या वेळाने एक गोष्ट लक्षात येते. चित्राचा पोत सारखा बदलत असतो. प्रोफेसर चॅलेंजरच्या दाढीतला केस न् केस दिसत असतो आणि एकाएकी तीच दाढी मऊ, भुरकट होते. कडा विरघळतात, काळोखातले तपशील बुडतात आणि पुढच्या प्रसंगात पुन्हा सारे लख्ख होते. दोष डिस्कचा नसतो, डोळ्यांचाही नसतो. समोर चाललेला चित्रपट निरनिराळ्या जुन्या प्रतींमधले तुकडे जुळवून उभा केलेला आहे, आणि त्या प्रतींना वेगवेगळे आयुष्य भोगावे लागले आहे. काही तुकडे चित्रगृहासाठी काढलेल्या ३५ मिलिमीटरच्या फिल्मवरचे आहेत. काही मात्र घरी नेऊन पाहण्यासाठी काढलेल्या, चिंचोळ्या १६ मिलिमीटरच्या फिल्मवरून घेतलेले आहेत. चित्रगृहांतून हा चित्रपट हद्दपार झाल्यावर अमेरिकेत तो टिकून राहिला तो या दुसऱ्या प्रकारच्या फिल्मवर, म्हणजे दिवाणखान्यांच्या आश्रयाने.

मूळ कादंबरी आर्थर कॉनन डॉयल यांची. १९१२ साली ती 'स्ट्रँड' मासिकातून क्रमशः आली. शेरलॉक होम्सच्या लोकप्रियतेला त्याचा जनकच कंटाळलेला होता. होम्सच्या थंड तर्काला उतारा म्हणून की काय, डॉयलनी या वेळी एक तापट, आडदांड, छातीभर दाढीचा प्राध्यापक निर्माण केला. दक्षिण अमेरिकेच्या अरण्यात सरळसोट कड्यांनी जगापासून तुटलेले एक पठार आहे आणि तिथे प्रागैतिहासिक प्राणी अजून जिवंत आहेत, असा प्रोफेसर चॅलेंजरचा दावा. लंडनचे विद्वान त्याची टर उडवतात. मग शंकेखोर प्रोफेसर समरली, शिकारी लॉर्ड रॉक्स्टन आणि मलोन नावाचा तरुण वार्ताहर यांना घेऊन तो मोहिमेवर निघतो. नकाशावर तेव्हा कोऱ्या जागा थोड्याफार शिल्लक होत्या. व्हेनेझुएला, ब्राझील आणि गयाना यांच्या सीमेवरचा रोराइमा पर्वत, ढगांत बुडालेला आणि माथ्यावर सपाट, १८८४ साली पहिल्यांदा चढला गेला होता. त्याची वर्णने इंग्रज वाचकांना ठाऊक होती. अशा माथ्यावर काय असेल, हा प्रश्न त्या काळी अगदीच पोरकट नव्हता.

पटकथा मॅरियन फेअरफॅक्स यांनी लिहिली आणि दिग्दर्शन हॅरी हॉइट यांनी केले. रूपांतर करताना जे नेहमी होते ते इथेही झाले. कादंबरीतल्या मोहिमेत बाई नव्हती, म्हणून चित्रपटात पठार शोधणाऱ्या मेपल व्हाइटला एक मुलगी मिळाली. बेसी लव्हने ती भूमिका केली. बापाचा शोध घ्यायला ती मोहिमेबरोबर येते आणि वार्ताहर व शिकारी या दोघांनाही ती आवडू लागते. हा प्रेमाचा त्रिकोण आज कोणाला आठवत नाही आणि त्यात आठवण्यासारखे फारसे नाहीही. वॉलेस बीरीचा चॅलेंजर मात्र पुस्तकातून उठून आल्यासारखा आहे. दारात आलेल्या वार्ताहराला तो घरातून रस्त्यावर लोळवत नेतो, तो प्रसंग शंभर वर्षांनंतरही हसवतो.

खरा बदल शेवटात आहे. पुस्तकात चॅलेंजर लंडनच्या सभेत एक टेरोडॅक्टिल सोडतो. ते खिडकीतून उडून जाते आणि पुरावा नाहीसा होतो. चित्रपटाने त्या पाखराच्या जागी ब्राँटोसॉरस आणला. जहाजावरून उतरवताना पिंजरा फुटतो, ते धूड लंडनच्या गल्ल्यांतून हिंडते, घरांच्या भिंती पाडते आणि शेवटी टॉवर ब्रिज त्याच्या वजनाने कोसळल्यावर थेम्समधून पोहत निघून जाते. डॉयलचा शेवट अधिक चतुर आहे, यात शंका नाही. पण पडद्याला चातुर्यापेक्षा वजन जास्त मानवते. अजस्र जनावर शहरात शिरले आहे आणि माणसे वाट फुटेल तिकडे पळत आहेत, हे दृश्य इथे पहिल्यांदा एवढ्या मोठ्या प्रमाणावर दिसले. १९३३ चा 'किंग काँग' आणि १९५४ चा जपानी 'गोजिरा' ही पुढची पिढी. त्या पिढीतली जनावरे अधिक संतापी निघाली. हा ब्राँटोसॉरस रागावलेला वाटत नाही. अनोळखी गावात वाट चुकलेल्यासारखा तो वागतो आणि त्याच्याकडून जी मोडतोड होते ती बहुतेक अंगाच्या आकारामुळे होते.

ही जनावरे विलिस ओब्रायन यांनी चालवली. १८८६ साली ओकलंडला जन्मलेल्या या माणसाने मातीच्या बाहुल्या एकेक चौकट हलवून छायाचित्रित करण्याचा नाद १९१५ च्या सुमारास धरला होता. पद्धत सांगायला सोपी आहे. बाहुलीचा पाय केसभर पुढे करायचा, एक चौकट टिपायची, पुन्हा केसभर हलवायचे, पुन्हा टिपायचे. पडद्यावरच्या एका सेकंदासाठी अशा सोळा-अठरा चौकटी लागतात. दृश्यात तीन प्राणी असतील तर प्रत्येकाचे पाय, मान, शेपटी आणि जबडा यांचा हिशोब एकाच वेळी डोक्यात ठेवावा लागतो. दिवसभर दिव्यांच्या उष्णतेत उभे राहून हाती पडायचे ते मोजके सेकंद. मधेच एखादा दिवा मंदावला किंवा बाहुलीला कोणाचा धक्का लागला, तर तेवढेही वाया जायचे.

बाहुल्या घडवणारा होता मार्सेल डेल्गाडो. तो मूळचा मेक्सिकोचा. किराणा दुकानात काम करून कलाशाळेत शिकत होता. ओब्रायनने त्याला तिथे हेरले आणि गळ घालून कामावर घेतले. डेल्गाडोने नुसत्या मातीचा नाद सोडला. आत सांधे वळतील असा धातूचा सांगाडा, त्यावर स्पंजचे स्नायू, वर रबराची कातडी आणि त्या कातडीवर खवल्यांचे बारीक काम. काही बाहुल्यांच्या पोटात हवेचा फुगा बसवला होता. तो चौकटीगणिक थोडा थोडा फुगवला की प्राण्याची बरगडी वर-खाली होते. उंची म्हणाल तर दीड-दोन फुटांच्या आतली. रूप बेतले होते चार्ल्स नाइट या चित्रकाराच्या चित्रांवरून. डायनोसॉर म्हटले की त्या काळच्या अमेरिकन माणसाच्या डोळ्यांसमोर न्यूयॉर्कच्या निसर्गेतिहास संग्रहालयातली नाइटची चित्रेच उभी राहत.

आज या हालचालींत धक्के जाणवतात. संगणकावर घडलेल्या प्राण्यांना सरावलेल्या डोळ्यांना ते लगेच कळतात. तरीही ॲलोसॉरस आणि ट्रायसेराटॉप्स यांच्या झुंजीत एक गोष्ट पकडून ठेवते. प्राणी लढता लढता थांबतात, अंग झटकतात, मान वळवून भलतीकडेच पाहतात. कथेला याची गरज नव्हती. प्रत्येक झटकण्यामागे पाच-पन्नास चौकटींची जादा मेहनत होती, आणि ती कोणी मागितली नव्हती. छावणीजवळ रात्री आलेल्या ॲलोसॉरसचे डोळे अंधारात आधी चमकतात आणि मग त्याचे तोंड प्रकाशात येते. तिथे बाहुली विसरायला होते. ज्वालामुखी भडकल्यावर पठारावर उसळणाऱ्या कळपांचे दृश्य तर एवढे गजबजलेले आहे की एका कोपऱ्यात कोणता प्राणी काय करतो हे पाहायचे तर तेच दृश्य दोन-तीनदा फिरवावे लागते. चित्रगृहातल्या प्रेक्षकाला ही सोय नव्हती.

चित्रपट पुरा होण्याच्या बराच आधी त्यातल्या चाचणीच्या रिळाने एक गंमत घडवली. २ जून १९२२ रोजी न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन जादूगारांच्या संस्थेची मेजवानी होती. अध्यक्ष होते हॅरी हुदिनी. डॉयल तेव्हा परलोकविद्येवर व्याख्याने देत अमेरिकेत फिरत होते, आणि मृतात्म्यांशी बोलणे शक्य आहे या त्यांच्या श्रद्धेची जादूगार मंडळी थट्टा करत. डॉयलनी काही खुलासा न करता ओब्रायनची फिल्म दाखवली. प्राणी चरत होते, झुंजत होते, मरत होते. दुसऱ्या दिवशी 'न्यूयॉर्क टाइम्स'ने पहिल्या पानावर बातमी दिली. हे बनावट असेल तर अप्रतिम बनावट आहे, असा तिचा सूर होता. मग डॉयलनी हुदिनींना पत्र लिहून खरे काय ते सांगितले. हाताने धंदा करणाऱ्यांना हाताच्याच करामतीने चकवले, याचा त्यांना आनंद झाला असणार. मात्र हेच डॉयल कॉटिंग्ली गावच्या दोन मुलींनी काढलेली पऱ्यांची छायाचित्रे खरी मानत होते, आणि त्याच वर्षी त्यांनी त्यावर पुस्तकही काढले. फसवणे आणि फसणे यांतले अंतर या एका माणसात फार थोडे होते.

फेब्रुवारी १९२५ मध्ये फर्स्ट नॅशनल कंपनीने हा दहा रिळांचा चित्रपट प्रदर्शित केला आणि तो चालला. त्याच एप्रिलमध्ये इम्पीरियल एअरवेजने लंडनहून सुटलेल्या एका विमानात प्रवाशांना तो दाखवला. विमानात चित्रपट दाखवण्याच्या अगदी पहिल्या प्रयोगांत त्याची गणना होते. लाकूड, कापड आणि इंजिनांचा गडगडाट यांच्या मधोमध नायट्रेटची फिल्म फिरवण्याचे धाडस आज कोणी करणार नाही.

या नायट्रेटविषयी थोडे सांगायला हवे, कारण मूकपटांच्या नाहीसे होण्यात त्याचा हात मोठा आहे. त्या काळची ३५ मिलिमीटरची फिल्म सेल्युलोज नायट्रेटची असे. तिच्यावरच्या चित्राला एक खास खोली आणि चकाकी येते. पण ती चटकन पेटते, पेटल्यावर लागणारा प्राणवायू स्वतःच पुरवते आणि पाण्याखालीही विझत नाही. पेटली नाही तरी वर्षानुवर्षे आतून कुजत जाते. आधी चिकट होते, मग डब्यातच तिचा गोळा होतो आणि शेवटी तांबूस भुकटी उरते. पुण्यातही याचा फटका बसला आहे. जानेवारी २००३ मध्ये फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या नायट्रेट साठ्याला आग लागली आणि अनेक दुर्मीळ रिळे गेली. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले. त्यांतले पूर्ण किंवा तुकड्यातुकड्यांनी आज हाती असलेले तीसच्या आतबाहेर आहेत. दादासाहेब फाळक्यांच्या 'कालिया मर्दन'मध्ये (१९१९) त्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली आहे. तिचे नागाशी झुंजणे आज पाहता येते, कारण पी. के. नायर यांनी राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासाठी फाळक्यांच्या कुटुंबीयांकडून रिळे मिळवली. तिथेही घरानेच जपले होते.

'द लॉस्ट वर्ल्ड' आगीत गेला नाही, कुजलाही नाही. तो ठरवून नष्ट केला गेला. १९२९ पर्यंत बोलपट आले होते आणि मूकपटाला बाजारात मोल उरले नव्हते. कंपनीने चित्रपट मागे घेतला, आणि निगेटिव्ह व चित्रगृहांसाठीच्या प्रतींची विल्हेवाट लागली. मागे उरली ती कोडॅस्कोप लायब्ररीसाठी काढलेली आवृत्ती.

ईस्टमन कोडॅक कंपनीने १९२३ मध्ये १६ मिलिमीटरची फिल्म बाजारात आणली. हौशी माणसाला घरी वापरता यावी म्हणून ती सहजी न पेटणाऱ्या ॲसिटेटची केली होती. घरात लहानसा प्रोजेक्टर आल्यावर त्यावर दाखवायचे काय, हा प्रश्न होता. त्यासाठी कोडॅस्कोप लायब्ररी निघाली. नामांकित चित्रपटांच्या छोट्या प्रती तिथे भाड्याने मिळत. शनिवारी संध्याकाळी डबे आणायचे, भिंतीवर चादर किंवा पडदा लावायचा, शेजाऱ्यांना बोलवायचे. पण दिवाणखान्यात दोन तास कोण बसणार? म्हणून चित्रपट कापले गेले. 'द लॉस्ट वर्ल्ड'ची दहा रिळे पाचावर आली. प्राणी बहुतेक राहिले, पण माणसे कमी झाली. प्रवासाचे टप्पे, दुय्यम पात्रे, मनाची घालमेल दाखवणारे संथ प्रसंग कात्रीखाली गेले. कापणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. पाहुण्यांना काय पाहायला आवडेल ते त्यांना ठाऊक होते, आणि त्यांचा अंदाज चुकीचाही म्हणता येत नाही. पुढची कित्येक दशके जगाने पाहिला तो हाच अर्धा चित्रपट, पुढे प्रतींच्या प्रती निघून अधिकच करडा झालेला. ज्या आवृत्तीने चित्रपटाचे हातपाय तोडले तिनेच त्याचा जीव राखला, असे त्याचे चरित्र आहे.

उरलेल्या भागातला बराचसा सापडला तो प्रागमध्ये. मूकपटांच्या काळात परदेशांसाठी वेगळे निगेटिव्ह तयार करण्याचा प्रघात होता. कधी दोन कॅमेरे शेजारी शेजारी लावून एकाच वेळी चित्रण होई, कधी दुसऱ्या क्रमांकाचा टेक त्यासाठी वापरला जाई. अमेरिकेतल्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम युरोपातल्या प्रत्येक गोदामापर्यंत पोहोचला नाही. चेक चित्रपट संग्रहात जुनी ३५ मिलिमीटरची नायट्रेट प्रत होती आणि तिच्यात कोडॅस्कोप आवृत्तीत नसलेले प्रसंग होते. तिच्या आधारे रॉचेस्टरच्या जॉर्ज ईस्टमन हाउस या संग्रहालयाने १९९८ च्या सुमारास पुनर्बांधणी केली, आणि १९९८ मध्येच अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत या चित्रपटाला जागा मिळाली. मग डेव्हिड शेपर्ड आणि पॅरिसच्या लॉबस्टर फिल्म्सचे सेर्ज ब्रॉम्बर्ग यांनी आणखी तुकडे जमवून केलेली आवृत्ती २००१ मध्ये डीव्हीडीवर आली. तरी शोध थांबला नाही. लॉबस्टरने २०१६ मध्ये नव्याने डिजिटल जीर्णोद्धार केला आणि पुढच्या वर्षी फ्लिकर अ‍ॅलीने तो ब्ल्यू-रेवर आणला. लांबी पावणेदोन तासांच्या जवळ. कोडॅस्कोपच्या जवळजवळ दुप्पट.

असे तुकडे जोडणे हे जुन्या पैठणीचे काठ दुसऱ्या लुगड्याला लावण्याइतके सरळ नसते. एकाच प्रसंगाच्या दोन प्रती मिळाल्या तर कॅमेऱ्याचे कोन किंचित वेगळे असतात. नटाचा हात एका प्रतीत टेबलावर, दुसरीत खिशात असतो. जी प्रत स्पष्ट आहे तिच्यात शेवटचे चार सेकंद नसतात, आणि ते जिच्यात आहेत ती ओरखड्यांनी भरलेली असते. संवादांच्या पाट्या चेक भाषेत असल्या तर इंग्रजी मजकूर दुसरीकडून शोधून पाट्या नव्याने घडवाव्या लागतात. मग रंग. मूकपट निव्वळ काळेपांढरे नसत. रात्रीला निळी छटा, दिव्याच्या खोलीला पिवळसर, वणव्याला तांबडी अशी फिल्मच रंगात बुडवली जाई. छटा चुकली तर भर मध्यरात्रीचा प्रसंग दुपारचा वाटतो. आणि गती. त्या काळचे कॅमेरे बऱ्याचदा हाताने फिरवले जात, वेग ठरलेला नसे. वेग थोडा वाढवला की माणसे विदूषकासारखी धावतात, कमी केला की प्राणी पेंगतात. या चित्रपटात तर दोन्ही एकाच चौकटीत आहेत. खाली नदीकाठी खरी माणसे, वर पठारावर बाहुल्या, मधे काळजीपूर्वक झाकलेली रेघ.

किती स्वच्छ करावे, यावर जाणकारांत एकमत नाही. संगणकाला धूळ पुसायला सांगितले की तो कधी कधी उडणारा पक्षीही धूळ समजून पुसतो. डेल्गाडोच्या रबरी कातडीवर मधूनच एक थरथर दिसते. दोन चौकटींच्या मधे ओब्रायनची बोटे जिथे टेकली तिथे कातडी किंचित दबली, त्याची ती खूण. ती पुसणे तंत्राला जमेल. तशी पुसलेली प्रत मात्र गुळगुळीत आणि निर्जीव होईल. या जीर्णोद्धारात सांधे दिसू दिले आहेत. ते चांगले केले आहे.

परत आलेल्या भागाबरोबर काही नकोसेही परत आले आहे. मोहिमेतला झांबो हा कृष्णवर्णीय नोकर ज्यूल्स काऊल्स या गोऱ्या नटाने तोंडाला काळे फासून वठवला आहे, आणि पाट्यांवर त्याची भाषा मुद्दाम मोडकी लिहिली आहे. तोंड काळे करून हशा मिळवायची ती रीत तेव्हा अमेरिकेत रोजची होती. दक्षिण अमेरिका म्हणजे गोऱ्या शिकाऱ्यांनी फिरायची बाग, ही समजूतही प्रत्येक प्रसंगात आहे. हे प्रसंग गाळावेत असे कोणी म्हणेल. पण एकदा गाळणे सुरू केले की पुन्हा कोडॅस्कोपच्याच कात्रीपाशी येऊन थांबावे लागते. चित्रपट जसा होता तसा दाखवावा आणि पाहणाऱ्याने डोळे उघडे ठेवावेत, हेच बरे.

दहा रिळांतले काही थोडे अजूनही मिळालेले नाही. ते एखाद्या संग्रहात चुकीच्या नावाच्या डब्यात असेल, नाही तर कोणाच्या अडगळीत. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांच्या माळ्यांवरही असे डबे निघतात. सापडला तर तो उन्हात वाळवू नये, विस्तवाजवळ नेऊ नये, रीळ उलगडून पाहण्याचा मोह टाळावा आणि भंगारात तर मुळीच देऊ नये. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवावे.